समुद्रकाठच्या घरात फोटो टिकवायचे तर

घरच्या फोटोंसाठी माध्यम निवडताना मी किमतीआधी हवेचा विचार केला. कोकणपट्टीत पावसाळ्यात आर्द्रता बहुतेक दिवस ८० टक्क्यांच्या वर असते, आणि ६० टक्क्यांच्या वर बुरशीला मोकळं रान मिळतं. शिवाय खारा वारा यूएसबीच्या पट्ट्या खातो तो वेगळाच.

पेनड्राइव्ह आणि एसएसडी (चिपवर माहिती ठेवणारी डिस्क) आधी बाद केले. त्यांत माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि वीज न मिळता पडून राहिलं की तो भार झिरपत जातो. लिहिण्याची ठरलेली मर्यादा संपेपर्यंत वापरलेल्या घरगुती एसएसडीने ३० अंशांत विजेविना एक वर्ष माहिती धरावी, एवढीच मानकाची अट आहे. नवी खूप जास्त टिकते, पण कपाटात वर्षानुवर्षं ठेवून द्यायची ही वस्तू नव्हे.

साध्या डीव्हीडीत सेंद्रिय रंगाचा थर असतो. ऊन आणि उष्णतेने तो बिघडतो, ओलीने मागचा धातूचा थर काळवंडतो. ब्लू-रे या जास्त मावणाऱ्या तबकडीच्या पाकिटावर ‘एलटीएच’ असेल तर तिथेही सेंद्रिय थरच असतो, ती घेऊ नये. निवडक फोटोंसाठी मी असेंद्रिय थराची २५ जीबीची एम-डिस्क ही ब्लू-रे प्रकारची तबकडी घेतली. ती कमी वेगाने लिहायची आणि ‘व्हेरिफाय’, म्हणजे लिहिलेलं बरोबर आहे का याची तपासणी, झाल्याशिवाय बाहेर काढायची नाही.

सगळा संग्रह मात्र वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन हार्ड डिस्कवर आहे. एकाच खेपेच्या डिस्क एकाच दोषाने जाऊ शकतात. साध्या हार्ड डिस्कला हवेसाठी बारीक भोक असतं, त्यातून दमटपणा आत शिरतो. म्हणून रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात ओल शोषणारं सुमारे २०० ग्रॅम सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० टक्क्यांच्या आसपास हवा. डबा जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत भरला तर जेल जास्त पुरतं. नारिंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास तापवायचे. गार खोलीतून काढलेली डिस्क लगेच जोडू नये, आत दव धरतं.

नक्कल केल्यावर फाइल उघडते एवढ्यावर मी थांबत नाही. विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल -हॅशफाइल’ (certutil -hashfile) या आज्ञेला फाइलचं नाव आणि ‘एसएचए२५६’ (SHA256) दिलं की लांब आकडा मिळतो; फाइल जराशी बदलली तरी तो बदलतो. आकड्यांची यादी दोन्ही डिस्कवर ठेवायची आणि वर्षातून एकदा पडताळायची. आकडा जुळला नाही तर ती फाइल दुसऱ्या डिस्कवरून पुन्हा घ्यायची. नातेवाइकांकडून व्हॉट्सॲपवर फोटो मागवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच मागवतो, नाहीतर तो दाबून लहान होतो.

पण डबा कितीही पक्का असला तरी घर एकच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात रायगड-रत्नागिरीत घरांची छपरं उडाली, २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं. म्हणून दुसरी डिस्क घाटावर नातेवाइकांकडे असते. ते मे महिन्यात गावी येतात तेव्हा सोबत आणतात. नवे फोटो चढवून, आकडे पडताळून, मृग लागण्याआधी ती परत जाते.