जळमटं

दिवाळीच्या साफसफाईत जळमटं कायम माझ्या वाट्याला. माझी उंची घरात उपयोगी पडते ती एवढीच. परवा दुपारी काठीला केरसुणी बांधून स्टुलावर चढले, तर माळ्याच्या कोपऱ्यात कोळी. केरसुणी तशीच वर धरून उभी राहिले. झुरळ मी चपलेने मारते, अगदी डोळ्याची पापणी न हलवता. कोळी मात्र मारवत नाही.

याला जबाबदार रॉबर्ट ब्रूस.

चौथीत गणिताच्या चाचणीत मला वीसपैकी तीन पडले, तेव्हा बाईंनी माझ्याकडे बघत सगळ्या वर्गाला ती गोष्ट सांगितली. हरलेला राजा, गुहा, सहा वेळा पडून सातव्यांदा चढणारा कोळी. फळ्यावर ‘प्रयत्नांती परमेश्वर’. स्कॉटलंड कुठे, हे कुणी विचारलं नाही. आमच्या डोळ्यांसमोर सिंहगडाचा कडाच होता, फक्त घोरपडीच्या जागी कोळी. त्या संध्याकाळी मी न्हाणीघरातल्या कोळ्यासमोर बसून राहिले. तो पडला नाही, चढला नाही, हललासुद्धा नाही. पुढच्या चाचणीत पाच पडले.

तिकडच्या राजांचे दिवस फिरले की गोष्टीत कुणीतरी किरकोळ येतंच. 878 साली व्हायकिंगांनी पळवून लावलेला आल्फ्रेड राजा इंग्लंडमधल्या सॉमरसेटच्या दलदलीत लपला होता. एका बाईने त्याला चुलीवरच्या भाकऱ्यांकडे लक्ष द्यायला सांगितलं, हा आपल्या विचारात, भाकऱ्या करपल्या आणि बाईने राजाला फैलावर घेतलं. आपल्याकडची म्हातारी नाही का, गरम खिचडीत मधोमध हात घालणाऱ्या शिवाजी महाराजांना कडेकडेने खायला शिकवणारी? दोन्हीकडे चूल, दोन्हीकडे न ओळखलेला राजा. या दोघी भेटल्या असत्या तर तासभर पुरुषांच्या खाण्याच्या रीतीवर बोलल्या असत्या.

मोठेपणी ब्रूसबद्दल वाचलं आणि खट्टू झाले. कोळ्याची गोष्ट त्याच्या नावावर गाजवली वॉल्टर स्कॉटने, 1828 साली, म्हणजे राजा जाऊन पाचशे वर्षं होत आल्यावर. त्याआधी ती ब्रूसच्या डग्लस नावाच्या सरदाराची म्हणून सांगत. ती गुहा आमच्याकडची, असं सांगणारी गावंही एकाहून जास्त आहेत. ते चालायचंच. पण गुहेत जाण्याआधी, फेब्रुवारी 1306 मध्ये, ब्रूसने डम्फ्रीसच्या चर्चमध्ये आपल्या प्रतिस्पर्ध्याला, जॉन कॉमिनला, भोसकलं होतं. हे बाईंनी सांगितलं नाही. चौथीच्या मुलांना काय सांगणार म्हणा! 1314 मध्ये बॅनकबर्नला त्याने इंग्रजांचं मोठं सैन्य हरवलं, तेही खरंच.

आणि इझाबेला. स्कॉटलंडच्या राजाला आसनावर बसवायचा मान तिच्या माहेरच्या घराण्याचा. नवरा कॉमिनच्या भाऊबंदांतला, म्हणजे ब्रूसचा वैरी. तरी ती ब्रूसच्या राज्याभिषेकासाठी स्कूनला निघाली. पोचेपर्यंत तो उरकला होता, म्हणून तिच्या हातून पुन्हा केला. काही महिन्यांत ब्रूस हरला, पळाला, आणि ही इंग्रजांच्या हाती सापडली. इंग्लंडच्या राजाने, पहिल्या एडवर्डने, हुकूम दिला, लाकूड आणि लोखंडाचा पिंजरा करा. बेरिकच्या किल्ल्यात त्या पिंजऱ्यात ती चार वर्षं होती. ब्रूसची बहीण मेरी अशाच पिंजऱ्यात, रॉक्सबर्गला.

राजा गुहेत पडून कोळ्याकडे बघत होता म्हणतात, त्या हिवाळ्यात इझाबेला त्या पिंजऱ्यात होती. किती वेळा उठून उभी राहिली असेल, ते मोजायला समोर कुणी नव्हतं. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात जाळं असेलच.

हात भरून आला होता.

‘‘काढलंस का गं?’’ आई खालून म्हणाली.

‘‘हो,’’ म्हटलं, आणि स्टूल शेजारच्या कोपऱ्याखाली सरकवलं.