ओमानात भीती नाही वाटली?

मस्कतहून आल्यापासून हा प्रश्न मला हळदीकुंकवाला, एसटीत, मासळीबाजारात, सगळीकडे विचारला गेला. "अरबांचा देश. बाईमाणसाला भीती नाही वाटली?" विचारणाऱ्यांत माझी सख्खी बहीणही आहे. लेक तिथे नोकरीला, त्यामुळे एकदा जानेवारीत आणि एकदा ऑगस्टमध्ये जाऊन आले. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते. नाही वाटली.

निझवाच्या बाजारात किल्ल्याची वाट विचारली, तर पांढऱ्या दाढीचे एक आजोबा काठी उंचावून म्हणाले, "सीदा, सीदा!" मला वाटलं, आम्हाला पाहून हिंदी बोलतायत. लेक म्हणाली, "आई, हे त्यांचं रोजचं अरबी आहे." आखाती बोलीत सरळ म्हणजे सीदा, पंखा म्हणजे बंका, जोडे म्हणजे जुती. अरबीत प नाही, म्हणून पैशाचा बैसा झाला. १ रियालचे १००० बैसे. आपल्या रिझर्व्ह बँकेने १९५९ पासून आखातासाठी वेगळ्या रुपयाच्या नोटा काढल्या होत्या. ओमानात रुपया १९७० पर्यंत चालला. जुन्या मस्कतमध्ये राजवाड्याच्या जवळच शंकराचं देऊळ आहे, तिथे मी अभिषेक केला. आणि सुलतान तैमूर बिन फैसल यांनी १९३२ मध्ये गादी सोडली, त्यांचा अंत १९६५ मध्ये आपल्या मुंबईत झाला. हे सगळं आम्हाला शाळेत कुणी का सांगितलं नाही, याची मला खरंच खंत वाटते.

कपड्यांचंही सगळे विचारतात. मस्कतच्या मोठ्या मशिदीत डोक्यावरून पदर घेतला. बाकी सगळीकडे नेहमीसारखी साडीत फिरले.

मला सगळ्यात भावलं ते मिसफात अल अब्रीयीन हे गाव. डोंगराच्या उतारावर मातीची घरं, खाली पायऱ्यापायऱ्यांनी खजुराच्या आणि केळीच्या बागा, आणि मधून खळखळत जाणारा पाट. त्याला तिथे फलज म्हणतात. डोंगरातलं पाणी नुसत्या उताराने गावात आणायचं. पंप नाही, मोट नाही. पहिला मान पिण्याच्या पाण्याचा. मग बागांना पाळीपाळीने. पाळी मोजायला दिवसा काठीची सावली आणि रात्री तारे. आता मनगटी घड्याळं आली, पण पाळी तीच. असे ३००० हून जास्त फलज देशात अजून वाहते आहेत, त्यांतल्या पाचांना युनेस्कोने २००६ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. माझं माहेर पाटाच्या पाण्यावरच्या सुपारीच्या बागेतलं. पाळीवरून होणारी भांडणं आणि पाळी चुकू नये म्हणून रात्री कंदील घेऊन जाणारे आजोबा मी पाहिलेत. त्या पाटाच्या कडेला पाय सोडून बसले आणि उठवेना.

तिथेच एका घरातून बोलावणं आलं. ओळख ना देख, पण दारातून पुढे जाऊ देईनात. सतरंजीवर खजूर आणि छोट्या वाट्यांतून वेलदोड्याचा कहवा. वाटी रिकामी झाली की घरातला मोठा मुलगा पुन्हा भरायचा. आमच्या ह्यांना वाटलं, नको म्हणणं बरं दिसणार नाही. चार झाल्या, पाच झाल्या, सातवी झाली. शेवटी घरातली सहासात वर्षांची मुलगी खुदकन हसली, ह्यांचा हात धरला आणि रिकामी वाटी दोनदा हलवून दाखवली. म्हणजे पुरे! सगळं घर हसलं, सगळ्यात जास्त हे. आता आमच्याकडेही चहा पुरे झाला की कप हलतो.

सगळंच गोड होतं असं नाही. ऑगस्टात मस्कतचं ऊन फार कडक असतं. जून ते ऑगस्ट भर दुपारी उघड्यावर काम करून घ्यायला कायद्याने मनाई आहे, पण सकाळी अकराला रस्त्यावर खोदणारे आपल्याकडचे तरुण पाहिले की पोटात कालवतं. एकाशी बोलले. गावाकडे बाळ झालंय, अजून पाहिलं नव्हतं त्याने.

आणि मग सलाला, ओमानच्या दक्षिणेकडचं शहर. मस्कतहून विमानाने गेलो, उतरलो तर हिरवंगार! आपला नैर्ऋत्य मोसमी वारा तिथला समुद्र ढवळतो, खालचं गार पाणी वर येतं, आणि दमट हवा धुकं होऊन डोंगराला अडते. जूनअखेर ते सप्टेंबर, यालाच खरीफ म्हणतात. आपला खरीप तोच शब्द! रस्त्याकडेला शहाळी, केळी, भाजलेली कणसं. डोंगर ओलांडला की लगेच वाळवंट.

तिथे पाऊस म्हणजे आपली भुरभुर, पण ती अंगावर घ्यायला आखातभरातून गाड्या भरून माणसं येतात. उतारावर सतरंज्या टाकून, डबे उघडून, भिजत बसतात. ह्यांनी सवयीने छत्री उघडली. शेजारच्या सतरंजीवरच्या आजींना ते पाहवेना. त्या उठल्या, जवळ आल्या आणि आभाळाकडे बोट करून म्हणाल्या, "मतर! मतर!" पाऊस, पाऊस. मग छत्रीची मूठ स्वतःच्या हातात घेऊन त्यांनी ती मिटली, ह्यांच्या काखेत दिली, आणि आम्हाला जागा करायला नातवंडांना बाजूला सरकवलं.