एका तिकिटात कार्थेज, पण मी उलटा फिरलो

कंपनीच्या कामाने ट्युनिसला महिनाभर होतो, एक रविवार मोकळा मिळाला तर म्हटलं शेजारच्या प्राचीन कार्थेज शहराचे अवशेष उरकून येऊ. हबीब बुर्गिबा रस्त्याच्या टोकाला ट्युनिस मरीन स्टेशन आहे, तिथून टीजीएम लोकल सुटते. तळ्यातल्या बांधावरून जाते आणि पोरं पाय लावून दार अडवून हवा खात उभी, विरार लोकलचीच आठवण आली.

आता गंमत म्हणजे कार्थेज नावाची स्टेशनंच पाच-सहा आहेत, सालाम्बो, बिर्सा, डेर्मेश, हॅनिबल वगैरे. मी अर्थातच हॅनिबल, म्हणजे कार्थेजच्या प्रसिद्ध सेनापतीचं नाव बघून उतरलो आणि तिथेच चुकलो. सगळ्या अवशेषांना मिळून एकच तिकीट, ते त्याच दिवशी चालतं, पण जागा पार विखुरलेल्या, मधे लोकांचे बंगले आणि बोगनवेली. (रोख दिनार जवळ ठेवा.) समुद्राकाठची अँटोनाइन स्नानगृहं बघितली, ती रोमन. शेजारीच राष्ट्राध्यक्षांचा राजवाडा, तिकडे कॅमेरा वळवला तर पहारेकऱ्याने लांबूनच हात हलवून खाली घ्यायला लावला. मग भर उन्हात बिर्सा टेकडी चढलो. आख्यायिका अशी की लेबनॉनमधल्या टायर शहरातून आलेल्या, कार्थेज वसवणाऱ्या डिडो राणीने बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली आणि कातड्याच्या बारीक वाद्या कापून अख्खी टेकडी वेढली म्हणे, आपल्या वामनाचीच बहीण! इ.स.पू. 146 मध्ये रोमनांनी शहर जाळलं, त्यामुळे मूळ फिनिशियन, म्हणजे डिडोच्या लोकांचं असं फार कमी उरलंय. शेतात मीठ पेरल्याची गोष्ट मात्र नंतर कुणीतरी घुसडलेली आहे, जुन्या लेखकांत ती नाहीच.

सालाम्बोला पोचेपर्यंत ‘तोफेत’ नावाच्या फिनिशियनांच्या जुन्या दफनभूमीचं फाटक बंद झालेलं. खरं तर ट्युनिसकडून येताना हेच स्टेशन पहिलं लागतं, इथून सुरुवात करून पुढे चालत गेलो असतो तर सगळं बसलं असतं, ज्यांना जायचंय त्यांनी असंच करा.

तिथून थोडं चाललं की ते जुनं बंदर. गोल, मधे छोटं बेट, आपल्या गावतळ्याएवढं. इथे 220 युद्धनौका मावायच्या असं अ‍ॅपियन या प्राचीन इतिहासकाराने लिहून ठेवलंय. आता चार रंगीत होड्या, काठाला घरं, दोरीवर वाळत टाकलेल्या चादरी आणि प्लास्टिकची बादली घेऊन गळ टाकून बसलेला एक म्हातारा. मी सवयीने तिकीट पुढे केलं तर तो हसला आणि बादली सरकवून बसायला जागा करून दिली. बादलीत बोटाएवढे तीन मासे होते.