चालू नळी का काढली

आज आयसीयूत एका आजोबांच्या मानेतली सेंट्रल लाईन, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेली नळी, काढून दुसऱ्या बाजूला नवी घातली, तर खानापूरकडनं आलेली त्यांची पोरं घाबरलीच की हो, म्हणाली सिस्टर चालू असलेली नळी कशाला काढताय. बाहेर बाकड्यावर बसवून सांगितलं, पोरांना मराठीत, सुनेला कन्नडमध्ये. रक्तात कॅन्डिडा बुरशी सापडलीय, ती प्लास्टिकला चिकटून थर करते, विहिरीच्या पायरीवर शेवाळ धरतं तसा, त्याला बायोफिल्म म्हणतात. त्या थरातला चिकट पदार्थ फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध अडवून धरतो, कॅस्पोफंजिन हे दुसरं औषध त्यापेक्षा बरं चालतं, पण नळी तशीच राहिली तर तिथनं बुरशी परत परत रक्तात सुटत राहते. लघवीच्या नळीवर, व्हेंटिलेटरच्या ट्यूबवर पण हा थर होतो. आणि कॅन्डिडा ऑरिस ही कॅन्डिडाचीच एक जात, जिची पहिली नोंद 2009 ला जपानमध्ये झाली, ती तर बेडच्या कठड्यावरसुद्धा टिकते, मला सगळ्यात जास्त भीती तिचीच वाटते.

निपाणी, चिकोडी, खानापूर कुठनंही पेशंट बघायला या, पण हात धुऊनच आत या आणि नळ्यांना हात लावू नका. आणि ही नळी अजून लागते का असं डॉक्टरांना रोज बिनधास्त विचारा, कुणी रागावणार नाही.