तुम्ही विचारलेत म्हणून: स्वर्गमंडपाचे छत पडले की राहून गेले?

कोल्हापुरात आमच्याकडे पाहुणे आले की पहिला दिवस अंबाबाईच्या दर्शनात जातो आणि दुसऱ्या दिवशी मी त्यांना खिद्रापूरला घेऊन जातो. अंतर साधारण 60 किलोमीटर. जयसिंगपूर, नृसिंहवाडी, कुरुंदवाड मागे टाकून, उसाच्या फडांमधून जाणारा रस्ता शिरोळ तालुक्याच्या टोकाला, कृष्णेच्या काठी येतो आणि कोपेश्वराचे, म्हणजे महादेवाचे, काळ्या पाषाणातले मंदिर समोर उभे राहते. मंदिराच्या पुढ्यातल्या, पूर्वेकडच्या स्वर्गमंडपात पाऊल टाकताच प्रत्येकाची मान वर जाते, कारण डोक्यावर सुमारे 13 फूट व्यासाचे आभाळ गोल कापून बसवल्यासारखे दिसते. त्यानंतर येणारा प्रश्न ठरलेला असतो: हे छत पडले, की बांधायचे राहून गेले? उभ्या उभ्या दिलेल्या उत्तराने कोणाचेच समाधान होत नाही, म्हणून ते येथे नीट लिहितो. माझ्या मते यातले काहीच झालेले नाही. हे छत जितके हवे होते तितकेच बांधले आहे.

आधी पडण्याविषयी. आपल्याकडच्या मध्ययुगीन मंदिरांचे वितान, म्हणजे मंडपाचे आतून दिसणारे छत, कमानीच्या तत्त्वावर उभे नसते. खांबांवर तुळया ठेवायच्या, तुळयांवर दगडांचे एक वर्तुळ मांडायचे, त्यावरचे वर्तुळ थोडे आत सरकवायचे, त्यावरचे आणखी आत, असे करत शेवटी मध्ये उरलेले छोटे भोक एका कोरीव शिळेने झाकायचे, अशी ती रीत आहे. यात प्रत्येक थराचे दगड मागच्या वजनाने दाबून ठेवलेले असतात आणि गोल विहिरीच्या बांधकामातले दगड जसे एकमेकांना अडवून धरतात तसे तेही शेजारच्या दगडाला अडवून धरतात. मधली शिळा या रचनेला घट्ट करत नाही, ती केवळ शेवट करते. त्यामुळे कोणत्याही पूर्ण वर्तुळावर काम थांबवले तरी खालचे सारे सुरक्षित राहते. उलट मधला भाग कोसळला असता तर त्याने आजूबाजूच्या थरांचे दगडही ओढून नेले असते आणि कड वेडीवाकडी राहिली असती. खिद्रापूरची कड गोल आणि सलग आहे, आणि तिच्या खालच्या घेरात कार्तिकेय आणि दिक्पाल, म्हणजे दिशांचे रक्षक देव, आपापल्या वाहनांसह आजही दिसतात.

राहून गेले असेल, हे म्हणणे मात्र इतक्या सहज बाजूला सारता येत नाही, आणि ते मांडणाऱ्यांचा मी आदर करतो. हे मंदिर बाराव्या शतकातले, कोल्हापूरच्या शिलाहारांच्या काळातले मानले जाते. 1212 च्या सुमारास देवगिरीच्या यादव राजा सिंघणाने शिलाहार राजा दुसऱ्या भोजाचा पराभव केला आणि शिलाहारांची सत्ता संपली. राजाश्रय तुटला की काम अर्धवट राहते, हा तर्क समजण्यासारखा आहे. परंतु त्याच सिंघणाचा शके 1136 चा, म्हणजे इसवी सन 1213-14 चा संस्कृत शिलालेख या मंदिरात आहे आणि त्यात देवाच्या पूजेअर्चेसाठी गाव दान दिल्याची नोंद आहे. जिंकणाऱ्या राजाने ज्या देवस्थानाला इतक्या लवकर इनाम दिले, त्याच्या मंडपावर आणखी चार थर चढवणे त्याला जड गेले असते, हे मला पटत नाही.

माझे मत पक्के झाले ते मात्र वर पाहून नव्हे, खाली पाहून. त्या उघड्या वर्तुळाच्या बरोबर खाली, जवळजवळ त्याच मापाची एक गोल शिळा जमिनीत बसवली आहे. तिला रंगशिला म्हणतात. तिच्याभोवती 12 खांब गोलाकार उभे आहेत आणि त्यांच्या मागे उरलेले 36. खिद्रापूरच्या अक्षांशावर मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य भर माध्यान्ही थेट डोक्यावर येतो. एका वर्षी त्याच दिवसांत मी मुद्दाम दुपारी जाऊन बसलो. अकराला उजेडाचे वर्तुळ शिळेच्या पश्चिमेला, खांबांच्या पायथ्याशी पसरले होते. ते हळूहळू सरकत आले आणि साडेबाराच्या सुमारास रंगशिलेवर असे बसले की उजेडाची कड आणि दगडाची कड वेगळी करता येईना. बाराही खांबांच्या आतल्या बाजू खालून उजळल्या होत्या. जमिनीवरून परतलेला तो उजेड घोटीव दगडावर पाण्यासारखा हलत होता. होमाचा धूर जाण्यासाठी ही जागा मोकळी ठेवली, असे पुष्कळ जण सांगतात. तसे असले तरी वरचे आणि खालचे वर्तुळ एकमेकांसाठीच आखले होते, यात मला शंका वाटत नाही.

कार्तिकी पौर्णिमेला चंद्र या वर्तुळावर येतो, असे गावकरी सांगतात, आणि गणितही त्यांच्या बाजूने आहे. त्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे समोरचा पूर्ण चंद्र तितकाच उत्तरेकडे असतो आणि आपल्या अक्षांशावर मध्यरात्री माथ्याच्या अगदी जवळून जातो.

नंदी का नाही, हाही प्रश्न येतोच. दक्षाच्या यज्ञाला सती नंदीवर बसून गेली, त्यामुळे नंदी येथे नाही, तो कर्नाटकातल्या यडूरला आहे, अशी कथा आहे. सतीच्या देहत्यागाने कोपलेल्या शिवाला विष्णूने शांत केले, म्हणून गर्भगृहात शिवाचे कोपेश्वर आणि विष्णूचे धोपेश्वर अशी दोन लिंगे आहेत. मला या कथेत एक गोष्ट फार मोलाची वाटते. एरवी देवासमोर ज्या रेषेत नंदी बसलेला असतो, त्या रेषेत येथे काहीच आडवे येत नाही. स्वर्गमंडपातून सभामंडपात शिरताना उजेड निम्मा होतो, अंतराळात, म्हणजे गर्भगृहाआधीच्या छोट्या दालनात, आणखी कमी होतो आणि गर्भगृहाशी समईच्या ज्योतीएवढाच उरतो. पाहुण्यांना मी तेथे क्षणभर थांबवतो, डोळे अंधाराला सरावू देतो आणि मग मागे वळायला सांगतो. एकामागे एक असलेल्या दारांच्या चौकटींतून, पार टोकाला, ती गोल शिळा उन्हात पांढरी दिसत असते.