अल्स्टर काउंटीची दगडी घरं: तळघर बघा आणि शेवटच्या तीन मैलांची सोय करून ठेवा

न्यू यॉर्क राज्यातल्या अल्स्टर काउंटीतला न्यू पॉल्ट्झ ते किंग्स्टन हा चौदा मैलांचा पट्टा आम्ही ऑक्टोबरच्या मध्यावर एका दिवसात केला, शेवटचे तीन मैल सोडून पायी. न्यू यॉर्क शहरातून बस दोन तासांत सोडते, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पुढच्या दोन गोष्टींबद्दल मात्र मला आधी कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

पहिली गोष्ट घरांची. न्यू पॉल्ट्झमधल्या जुन्या दगडी घरांच्या ह्यूगनॉट स्ट्रीटबद्दल ऐकलेलं असतं ते असं: छळाला कंटाळून फ्रेंच प्रोटेस्टंट (म्हणजेच ह्यूगनॉट) आले, काही वर्षं जर्मनीतल्या फाल्झ प्रांतात राहिले (गावाचं नाव त्यावरूनच), मग त्यांच्यातल्या बारा जणांनी १६७७ मध्ये इसोपस या मूळ रहिवाशांकडून जवळपास ४०,००० एकर जमीन घेतली आणि १६७८ मध्ये वस्ती केली. मोबदल्यात हंडे, कुऱ्हाडी, सदरे असलं सामान दिलं. इथवर सगळं खरं आहे. ‘ही त्या पहिल्या लोकांची घरं’ हे मात्र डोक्यातून काढून टाका. पहिली घरं लाकडी होती, त्यातलं एकही आज नाही. जाँ हॅस्ब्रूकचं घर जुन्या पुस्तकांत सतराव्या शतकातलं म्हणून सापडतं. तुळयांच्या लाकडातली वर्तुळं तपासल्यावर ते १७२१ चं निघालं. एवढी मोठी चूक भिंतीकडे बघून नव्हे, तुळईच्या लाकडातून कळली, याचा मला फार आनंद झाला. त्या घराचा माळा आवर्जून बघा. उतरत्या छपराखाली अख्ख्या हंगामाचं धान्य मावेल एवढी जागा आहे, आणि हे लोक कशावर श्रीमंत झाले ते तिथे उभं राहिल्यावर कळतं.

ते धान्य पिकवायला कोण राबत होतं, हे तळघरात कळतं. लुई द्युबुआ या पुढाऱ्याने १६७४ मध्येच किंग्स्टनच्या लिलावात दोन आफ्रिकी माणसं विकत घेतली होती. गाव वसायच्या चार वर्षं आधी! बेव्हिएर-एल्टिंग घराखालच्या, गुलामांना ठेवत त्या तळघरात मी वाकून उतरलो. ओल, अंधार, दगड. वर झाडांखाली लोक फोटो काढत होते. माझ्या मते त्या सगळ्या रस्त्यावर बघण्यासारखी सर्वांत महत्त्वाची जागा तीच. आत फक्त गाईडबरोबरच सोडतात आणि प्रत्येक फेरीत सगळी घरं दाखवत नाहीत. त्यामुळे तिकीट काढतानाच ‘तळघर दाखवणार ना?’ असं स्पष्ट विचारा. हिवाळ्यात जाण्याआधी फेऱ्या चालू आहेत ना, तेही बघून घ्या.

दुसरी गोष्ट वाटेची. साडेबाराला वॉलकिल व्हॅली रेल ट्रेलवर लागलो. जुन्या रेल्वेमार्गाचा सपाट रस्ता आहे. रोझेंडेलचा ९४० फूट लांब, १५० फूट उंच पूल झकास. इथलंच सिमेंट ब्रुकलिन ब्रिजला गेलं. पुलापुढे सिमेंटच्या जुन्या खाणींची तोंडं वाटेलगतच आहेत आणि आतून गार हवा येते. तिथे अर्धा तास बसलो, ते चुकलं.

कारण ट्रेल किंग्स्टनच्या जुन्या गावात पोचतच नाही. नकाशावरची रेघ बघून ‘थेट गावात सोडतो’ असं आम्हाला एकाने छातीठोकपणे सांगितलं होतं. ट्रेल शहराबाहेर संपतो आणि तिथून पुढे गाड्यांच्या शेजारून चालायचं. आदल्या दिवशीच्या पावसाने शेवटच्या दोन मैलांत चिखल आणि ओली पानं होती. मावसभाऊ दोनदा घसरला, वर सहा वाजून गेले आणि अंधारलं. टॉर्च माझ्या एकट्याकडेच. शेवटी कॅब बोलावली. तीन मैलांचे ४५ डॉलर! आधी भाव विचारला नाही, कारण पाय बोलत नव्हते. तुम्ही विचारा. त्यापेक्षा न्यू पॉल्ट्झहून अकराच्या आत निघा, म्हणजे उजेडात चालत पोचाल. सायकल असेल तर हा प्रश्नच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी किंग्स्टन. डच गव्हर्नर पीटर स्टायव्हसंटने १६५८ मध्ये लाकडी कुंपणात बसवलेल्या गावाची आखणी अजून रस्त्यांवरून ओळखू येते. क्राउन आणि जॉन स्ट्रीटच्या चौकात चारही कोपऱ्यांवर दगडी घरं आहेत. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात १६ ऑक्टोबर १७७७ ला इंग्रजांनी गाव जाळलं. छपरं गेली, भिंती उरल्या आणि लोकांनी त्याच भिंतींवर पुन्हा घरं उभी केली. राज्याचं पहिलं सेनेट जिथे भरलं ते सेनेट हाऊस बघा, पण सगळा वेळ तिथे घालवू नका.

वॉल स्ट्रीटवरच्या कोर्टासमोर थांबा. याच काउंटीत गुलामगिरीत जन्मलेली इझाबेला, म्हणजे पुढे गुलामगिरीविरुद्ध लढलेली सोजर्नर ट्रूथ. पहिली भाषा डच. नऊ वर्षांची असताना तिला मेंढरांच्या कळपासकट शंभर डॉलरला विकलं. १८२६ मध्ये ती तान्ह्या मुलीला घेऊन मालकाच्या घरातून चालत निघाली. मुलगा पीटर आलाबामात बेकायदा विकला गेला होता, तर तिने किंग्स्टनला कोर्टात दाद मागितली आणि १८२८ मध्ये त्याला परत मिळवलं. कोर्टाची १८१८ ची इमारत अजून उभी आहे. आदल्या दिवशीचं तळघर डोळ्यांसमोर होतं, पाय ठणकत होते, आणि तिथून मला हलवेना.

किंग्स्टनजवळच्या हर्ली गावची दगडी घरं राहिली. बहुतेकांत लोक राहतात, त्यामुळे एरवी आत जाता येत नाही. जुलैतल्या एका शनिवारी त्यातली काही उघडतात. तारीख पाहूनच बेत करा. आम्ही त्या दिवशी पुन्हा जाणार आहोत, या वेळी दोन टॉर्च घेऊन.