निकाल बदलत नाही, तरी वाद का घालता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मालवणच्या धक्क्यावर संध्याकाळी आमची चार-पाच माणसं बसतात, तिथे हा प्रश्न ठरलेला. कधी शेजारची पोरं विचारतात, कधी मासळी घ्यायला आलेलं ओळखीचं कुणी. "मॅच कधीचीच संपली, आता कित्याक भांडतास?" विषय असतो रग्बीचा, आणि तोही बहुतेक वेळा कुठल्यातरी जुन्या सामन्यात रेफरीने दिलेला निर्णय.

रग्बी इथे कशी आली, हे आधी सांगून टाकतो. आम्ही सगळे बोटीवर नोकरी केलेले. कोळसा भरायला दक्षिण आफ्रिकेचं रिचर्ड्स बे, ओंडके भरायला न्यूझीलंडचं टौरंगा, मध्ये डर्बन, तेही दक्षिण आफ्रिकेतलंच. बंदरातल्या सीमेन्स क्लबात शनिवारी टीव्हीवर दुसरं काही लागायचंच नाही. शेजारच्या खुर्चीतला क्रेनवाला किंवा गोदीतला कामगार समजावून सांगायचा, आणि तो समजावताना रेफरीवर चिडायचासुद्धा. नोकरी संपली, घरी आलो, पण खेळ सुटला नाही.

निकाल बदलावा अशी आमच्यातल्या कुणाचीच अपेक्षा नसते. रेफरीला त्या क्षणी काय दिसलं, नियमाने त्याला काय करायची मुभा होती, आणि त्याने प्रत्यक्षात काय केलं, या तीन गोष्टी एकमेकींपासून सोडवून बघायच्या असतात. लोक त्यांचा एकच गोळा करतात आणि म्हणतात, "रेफरीने मॅच घालवली." तसं म्हणून विषय संपवणं मला पटत नाही.

हे खेळाच्या घडणीतच आहे. तीस खेळाडू, मैदानावर एक रेफरी, कडेला दोन सहायक, आणि पडद्यासमोर बसलेला टीएमओ, म्हणजे टीव्हीवर पुन्हा पाहून रेफरीला सांगणारा अधिकारी. एखादा खेळाडू पाडला गेला की चेंडूवर दोन्हीकडची माणसं येऊन रेटतात, त्याला रक म्हणतात. एकाच रकमध्ये कुणी बाजूने घुसलेलं असतं, कुणी पायांवर उभं न राहता अंग टाकलेलं असतं, कुणी चेंडू सोडत नसतं. नियम अगदी अक्षरशः लावायचा म्हटलं तर जवळजवळ प्रत्येक रकला शिट्टी वाजेल आणि खेळच होणार नाही. म्हणून खेळावर खरा परिणाम कशाने झाला, हे रेफरीला निवडावं लागतं. ही निवड तो करतो ती आपल्या कानांवर पडते, कारण त्याच्या अंगावर माइक असतो. कॅप्टन त्याला 'सर' म्हणून विचारतो, तो कारण सांगतो, आणि मालवणात बसलेला माणूसही ते कारण ऐकतो. इतकं उघडपणे दिलेलं कारण ऐकल्यावर त्यावर विचार न करता उठून जायचं, हे मला जमत नाही.

काही वाद सोपे असतात. 6 ऑक्टोबर 2007, कार्डिफ, विश्वचषकाचा उपांत्यपूर्व सामना. फ्रान्सने न्यूझीलंडला 20-18 हरवलं. शेवटच्या टप्प्यात फ्रान्सच्या झोझिओंचा ट्राय झाला, म्हणजे त्याने चेंडू गोलरेषेपलीकडे नेऊन टेकवला, पण त्याआधी त्राईने मिशालाककडे टाकलेला पास सरळसरळ पुढे गेला होता. रग्बीत चेंडू हाताने पुढे टाकता येत नाही. धावणाऱ्या माणसाच्या हातून मागे सुटलेला चेंडूही वेगामुळे जमिनीच्या हिशेबाने थोडा पुढे सरकतो, म्हणून हात कुठल्या दिशेने गेले ते बघायचं असतं. हा पास मात्र हातांतूनच पुढे गेला होता. रेफरी वेन बार्न्स तेव्हा 28 वर्षांचे होते, त्यांना तो दिसला नाही, आणि आधीचा पास तपासायची मुभा त्या काळी टीएमओला नव्हती. इथे वादाला जागाच नाही: नजर चुकली. न्यूझीलंडचे लोक अजून चिडतात, ते मी समजू शकतो. पण ज्या गोष्टीबद्दल सगळ्यांचं एकमत आहे तिच्यावर आम्ही धक्क्यावर वेळ घालवत नाही.

वेळ जातो तो 2023 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यावर. रेफरी पुन्हा बार्न्सच. पॅरिसजवळच्या स्ताद द फ्रान्समध्ये 28 ऑक्टोबरला रात्री नऊचा सामना, म्हणजे आपल्याकडे साडेबारा. त्या रात्री कोजागरी होती आणि खंडग्रास चंद्रग्रहणही. ग्रहण एकनंतर लागणार होतं, त्यामुळे अण्णा जागेच होते. अण्णा म्हणजे आमच्या आळीतले निवृत्त खेळशिक्षक. गावोगावच्या कबड्डी स्पर्धांत त्यांनी पंचगिरी केली आहे, आणि तालुक्यात त्यांचा शब्द मानला जातो. रग्बी त्यांनी त्याआधी पाहिली नव्हती. पडवीत टीव्ही लावला होता, तिथे येऊन बसले.

दक्षिण आफ्रिका 12, न्यूझीलंड 11. एका गुणाचा फरक असल्यावर प्रत्येक निर्णय मोठा होतो. न्यूझीलंडचा कॅप्टन सॅम केन उंच टॅकल करून, म्हणजे पाडायला वरच्या बाजूने धडक देऊन, आफ्रिकेच्या क्रीलच्या डोक्याला लागला. आधी पिवळं कार्ड, मग बंकरमध्ये, म्हणजे मैदानापासून दूर पडद्यांसमोर, बसलेल्या अधिकाऱ्याने आठ मिनिटांच्या मुदतीत पुन्हा पाहून ते लाल केलं. पुरुषांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातलं ते पहिलं लाल कार्ड. उत्तरार्धात आफ्रिकेच्या कॅप्टनचं, सिया कोलिसीचं, डोकं न्यूझीलंडच्या सवेआच्या डोक्याला लागलं. तेही बंकरकडे गेलं, पण धोका कमी धरून पिवळंच राहिलं. आमच्यातला जो जुना बोसन, म्हणजे बोटीवरचा खलाशांचा मुकादम, आहे तो म्हणतो, दोन्ही एकच. मला तसं वाटत नाही. केन ताठ उभा होता, वाकायला त्याला वेळ होता. पण दोन्ही प्रसंग इतके जवळचे आहेत की बोसनला मी मूर्ख ठरवू शकत नाही.

मग आला न्यूझीलंडच्या आरन स्मिथचा ट्राय. बार्न्स यांनी तो दिला होता. टीएमओ टॉम फोली यांनी कानात सांगितलं की आधी लाइनआउटमध्ये, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू पुन्हा आत टाकला तेव्हा, सवेआच्या हातून चेंडू पुढे सुटला होता. मागे जाऊन पाहिलं, सुटला होता. ट्राय रद्द. आता मेख अशी, की अशी चूक शोधायला टीएमओने किती मागे जायचं याला मर्यादा होती: दोन फेज. एका पाडावापासून पुढच्या पाडावापर्यंतची चाल म्हणजे एक फेज. सवेआची चूक त्याहून मागची होती.

अण्णांनी लगेच विचारलं, "बॉल हातातसून पुढे गेलो काय नाय, तां सांग."

"गेलो," मी म्हटलं.

"मगे ट्राय खयचो?"

त्या रात्रीच्या तीन आठवडे आधी, 7 ऑक्टोबरला, हांगझोच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीचा अंतिम सामना झाला होता. भारत-इराण, 28-28, सामना संपत आलेला. भारताचा पवन सेहरावत चढाईत कुणाला न शिवता लॉबीत, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्ट्यात, गेला आणि त्याच्यामागून इराणचे बचावपटूही लॉबीत गेले. एका नियमाप्रमाणे लॉबीत गेलेले सगळे बाद, दुसऱ्याप्रमाणे फक्त चढाई करणारा. निर्णय इकडून तिकडे फिरत राहिला, खेळाडू मॅटवर बसून राहिले, खेळ बराच वेळ थांबला. शेवटी भारताला तीन गुण, इराणला एक, आणि पुढे सामना 33-29. दुसऱ्या दिवशी दांडीच्या किनाऱ्यावर अण्णा पोटतिडकीने बोलत होते. त्यांचं म्हणणं होतं, मैदानात काय न्याय्य दिसतं ते बाजूला ठेवा, स्पर्धा ज्या नियमावर सुरू झाली तोच शेवटपर्यंत लावा.

मी त्यांना तेच परत सांगितलं. चेंडू पुढे गेला हे खरं. पण किती मागे बघायचं हाही नियमच आहे, आणि स्पर्धा त्याच नियमावर सुरू झाली होती. त्या रात्रीच्या नियमाने तो ट्राय टिकायला हवा होता. हे माझं मत तेव्हा होतं, आजही आहे. मी आफ्रिकेचा चाहता आहे, डर्बनने मला हा खेळ दिला, तरीही आहे. अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले की लॉबीत कोण गेलं ते सगळ्यांनी पाहिलं होतं, वाद फक्त नियमाचा होता. इथे तर झालेली चूकच बघू नका असं नियम सांगतो, आणि डोळ्यांनी पाहिलेलं न पाहिल्यासारखं करणं पंचाला शक्य नाही. त्यांचा हा मुद्दा जड आहे. मला तो अजून पूर्ण खोडता आलेला नाही. ग्रहण सुटेपर्यंत आम्ही त्यावरच बोलत होतो.

कॅमेरे वाढले की वाद मिटतील असं लोकांना वाटतं. कार्डिफला वाद डोळ्यांचा होता. पॅरिसला सगळं दिसत होतं, आणि वाद झाला तो कधी बघायचं, कुणी बघायचं याचा. माझ्या मते हा दुसरा वाद जास्त मोलाचा आहे, कारण तो नियम करणाऱ्यांपर्यंत पोचतो.

2015 चं लंडनचं ट्विकनहॅम, विश्वचषकाचा उपांत्यपूर्व सामना, मात्र मला अजून बोचतं. ऑस्ट्रेलिया 35, स्कॉटलंड 34. अगदी शेवटी रेफरी क्रेग जूबर यांनी स्कॉटलंडच्या जॉन वेल्शला ऑफसाइड ठरवून ऑस्ट्रेलियाला पेनल्टी दिली आणि त्यांच्या बर्नार्ड फोलीने ती मारली. शिट्टी वाजताच जूबर धावत मैदानाबाहेर गेले. दुसऱ्या दिवशी जागतिक रग्बी संघटनेने जाहीर केलं की निर्णय चुकला: मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फिप्सचा चेंडूला हात लागला होता, म्हणून पेनल्टीऐवजी ऑस्ट्रेलियाला स्क्रम, म्हणजे दोन्ही संघ खांदे भिडवून रेटतात ती सुरुवात, मिळायला हवा होता. टीएमओला विचारायची मुभाही जूबर यांना नव्हती, हेही संघटनेनेच सांगितलं. आमच्यातले दोघं म्हणतात, चूक कबूल केली हे चांगलं केलं. मी म्हणतो, कबूल करायचीच तर प्रत्येक सामन्यानंतर, प्रत्येक रेफरीची करा. एकाच माणसाला निवडून उघड्यावर उभं करायचं आणि त्याला मदत मागायची वाटही ठेवायची नाही, यात न्याय नाही.

आणि इथेच आमच्या बैठकीचा एकमेव नियम येतो. निर्णयावर हवं तेवढं बोला, माणसावर नाही. 2023 च्या अंतिम सामन्यानंतर बार्न्स निवृत्त झाले, आणि त्या काळात त्यांना व त्यांच्या घरच्यांना शिवीगाळ, धमक्या आल्या. टीएमओ टॉम फोलीही त्याच कारणाने आंतरराष्ट्रीय सामन्यांपासून दूर झाले. 2021 मध्ये ब्रिटिश-आयरिश लायन्स संघाविरुद्धच्या पहिल्या कसोटीनंतर आफ्रिकेचे रग्बी संचालक रासी इरास्मस यांनी रेफरी निक बेरी यांच्या निर्णयांची चिरफाड करणारी तासाभराहून मोठी चित्रफीत केली, ती बाहेर आली, आणि इरास्मस यांच्यावर बंदी आली. त्या चित्रफितीतले काही मुद्दे खेळाच्या दृष्टीने बरोबर होते, आणि तरी बंदी योग्य होती असं मी ठामपणे म्हणतो. आमच्यातल्या एकाने एकदा रेफरीच्या देशावरून, घरावरून बोलायला सुरुवात केली. अण्णांनी त्याला तिथेच थांबवलं. गावच्या मैदानावरून अंधारात एकट्याने घरी चालत गेलेले पंच आहेत ते स्वतः, त्यांना ते सांगावं लागत नाही.

सध्या काय चाललंय म्हणाल, तर स्कॉटलंडचं मरेफील्ड मैदान. 10 फेब्रुवारी 2024, स्कॉटलंड 16, फ्रान्स 20, शेवटची चाल. स्कॉटलंडचा सॅम स्किनर चेंडू घेऊन गोलरेषेपलीकडे पडला, चेंडू आधी फ्रेंच खेळाडूच्या बुटावर, मग गवतावर. रेफरी हेच निक बेरी. त्यांनी मैदानावर 'ट्राय नाही' असं ठरवून मग टीएमओकडे पाठवलं, आणि ते मत फिरवण्याइतका स्पष्ट पुरावा नाही असं टीएमओने शेवटी सांगितलं. मला चेंडू गवतावर टेकलेला दिसतो. अण्णांनाही दिसतो. पण ते म्हणतात, पंचाने आधी दिलेलं मत हलवायला पुरावा कडकच हवा. माझं म्हणणं, ढिगाऱ्याखाली काय झालं ते रेफरीला दिसतच नव्हतं, तर त्याने आधी मत द्यायचंच कशाला? थेट "चेंडू टेकला का?" एवढंच विचारलं असतं, तर तो ट्राय मिळाला असता. यावर अण्णांचं उत्तर आहे, पण ते तुम्ही त्यांनाच विचारा. संध्याकाळी सहानंतर धक्क्यावर असतात.